बेंबीपासून सुरू झालेली खाज आणि पाण्याचे फोड : सातव्या महिन्यातल्या एका ताईंना उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपुरातल्याच, मानेवाडा भागातल्या. दुसरी खेप, ३१वा आठवडा. तीन आठवड्यांपूर्वी बेंबीभोवती खाज सुरू झाली, मग लाल गांधी उठल्या, त्या मांड्यांवर आणि दंडांवर पसरल्या, आणि आता त्यांच्यावर पाण्याने भरलेले फोड आलेत. ताप नाही, घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही. पहिल्या खेपेला नवव्या महिन्यात थोडं 'पित्त' उठलं होतं, ते बाळंतपणानंतर महिनाभरात गेलं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, उतरवून घ्या. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, हॉस्पिटल नव्हे, नागपुरात हे सांगावं लागतं). त्यांच्या गायनॅक मॅडम म्हणाल्या, 'या दिवसांत होतं असं.' मग रात्री मोबाइलवर 'ऑटोइम्यून' (म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणं) हा शब्द वाचला आणि उरलीसुरली झोपही गेली. त्यांना चार गोष्टी हव्यात : हे काय आहे, बाळाला काही होईल का, स्टेरॉइड घ्यावंच लागेल का, आणि चार वर्षांच्या मुलीला जवळ झोपवू की नको.

मी वीसेक वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. अंगाला हात न लावता पक्कं निदान मी करत नाही, तुमचंही करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या तीन ओळी वाचून मी खुर्चीत सरळ बसले. खाज बेंबीपासून सुरू झाली. गांधींवर फोड आले. आणि ही दुसरी खेप असून पहिल्या वेळेपेक्षा लवकर सुरू झालंय. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की 'पेम्फिगॉइड जेस्टेशनिस' या आजाराचा विचार करावाच लागतो. तो दुर्मीळ आहे, साधारण २० ते ५० हजार गरोदरपणांत एखादा. एखाद्या गायनॅकने आयुष्यभरात एक-दोनच पाहिले असतील, त्यामुळे त्यांना लगेच आठवला नाही यात त्यांची चूक मी मानत नाही.

खरी अडचण रोगाच्या नावाची नाही. अडचण अशी की गरोदरपणात खाज इतक्या जणींना येते की 'होतं असं' हे वाक्य दहातल्या नऊ वेळा खरं ठरतं आणि दहाव्या वेळी तेच वाक्य तीन आठवडे खाऊन टाकतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, कूलरची दमट हवा, पोट वाढलेलं; मग अंगावर काहीही उठलं की घामोळ्या. घामोळ्या मानेवर, पाठीवर, स्तनांखाली येतात, मोहरीएवढ्या असतात आणि गार खोलीत दोन दिवस बसलं की निम्म्या होतात. वाटाण्याएवढा ताणलेला फोड म्हणजे घामोळं नव्हे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेगळ्याच एका पुरळाशी. त्याला पूर्वी पीयूपीपीपी म्हणायचे, आता पॉलिमॉर्फिक इरप्शन म्हणतात. ते बरंच नेहमीचं आहे, साधारण दीडशे-दोनशे गरोदरपणांत एकदा दिसतं. ते बहुतेक पहिलटकरणींना येतं, शेवटच्या महिन्यांत येतं, पोटावरच्या ताणाच्या रेघांमध्ये सुरू होतं आणि बेंबीभोवतीची जागा गंमत वाटावी इतकी स्वच्छ सोडतं. बाळाला त्याने काही होत नाही, आणि पुढच्या खेपेला ते सहसा परत येत नाही. म्हणून मी कुणालाही आधी साडी बाजूला करायला सांगते आणि बेंबी बघते. रेघांत पुरळ आणि बेंबी कोरी, तर जीव भांड्यात पडतो. बेंबीलाच वेढा असेल तर पडत नाही. हा नियम शंभर टक्क्यांचा नाही, पण सुरुवात करायला चांगला आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल. अंगावर काहीच उठलेलं नाही, फक्त खाज आहे, तीही तळहातांना-तळपायांना आणि रात्री जास्त, तर तो त्वचेचा आजार नसून यकृतातून पित्त नीट न वाहण्याचा असू शकतो. त्यासाठी रक्तातल्या बाइल अ‍ॅसिडची तपासणी लागते. ते प्रमाण १०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. त्यामुळे 'पुरळ नाही म्हणजे काही नाही' हे समीकरण इथे उलटं आहे. अशा बाईने माझ्याकडे येण्याआधी गायनॅककडे जावं. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत असते आणि घरातलं आणखी कुणी तरी खाजवत असतंच. कांजिण्यांना बहुधा ताप येतो, आणि गरोदरपणात त्या शंका येताच दाखवायच्या असतात. या दोन्ही तुमच्या वर्णनात बसत नाहीत.

आता नागिणीबद्दल. शेजारच्या काकूंना हसू नका, कारण डॉक्टरांनीही हाच गोंधळ घातला होता. १८७२ मध्ये मिल्टन नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला 'हर्पीस जेस्टेशनिस' असं नाव दिलं आणि ते शंभराहून अधिक वर्षं चाललं. हर्पीस हा शब्द ग्रीकमधल्या 'सरपटणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे त्यांना सरपटणारं काही दिसलं आणि आपल्या लोकांना नागीण दिसली. पण खरी नागीण, म्हणजे हर्पीस झोस्टर, कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि खाजेपेक्षा आग होते. तुमच्या आजारात विषाणूचा काडीचा संबंध नाही, म्हणून ते जुनं नाव आता टाकून दिलंय. जुन्या कागदावर किंवा इंटरनेटवर ते दिसलं तर घाबरू नका आणि विषाणूविरोधी गोळ्याही सुरू करू नका.

मग होतं काय? कातडीचे दोन थर असतात, वरचा आणि खालचा. त्यांना एकमेकांना धरून ठेवणारी जी प्रथिनं आहेत त्यांतल्या एकाचं नाव बीपी-१८०. हेच प्रथिन वारेतही असतं, बाळाभोवतीच्या आवरणातही. वारेत बाबांकडून आलेला अर्धा हिस्सा असतो. काही जणींची प्रतिकारशक्ती त्या परक्या हिश्शामुळे चेकाळते, वारेतल्या बीपी-१८० विरुद्ध अँटिबॉडी तयार करते, आणि मग त्या अँटिबॉडी रक्तातून फिरत कातडीतल्या त्याच प्रथिनावर जाऊन बसतात. तिथे सूज येते, थर सुटतात, मध्ये पाणी भरतं. वरची पूर्ण जाड कातडी छत म्हणून राहते, म्हणून फोड ताठ असतो, बोट लावल्या लावल्या फुटत नाही. ढिले, लगेच फुटणारे फोड आणि तोंडात जखमा असतील तर आजार वेगळा, पेम्फिगस. त्याचं गणित निराळं. तुमच्या खाण्यात काही चुकलं, संत्री जास्त खाल्ली, सावजी खाल्लं, ग्रहण पाळलं नाही, यातल्या कशानेही हे झालेलं नाही.

निदानासाठी बायोप्सी लागते. 'गरोदर बाईची बायोप्सी?' हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो, बहुधा नवऱ्याकडून. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा, एक टाका, दहा मिनिटं. बाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण नमुना कसा घेतला यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका बाईचा छान टपोरा फोड निवडून कापला आणि नेहमीच्या सवयीने फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या नेहमीच्या द्रवात, टाकला. रिपोर्टमध्ये फोड आहे हे कळलं, कशाचा ते कळलं नाही. इम्युनोफ्लुओरेसन्स नावाची जी खरी तपासणी आहे ती फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर होत नाही, आणि तो तुकडा फोडाच्या शेजारच्या साबूत दिसणाऱ्या कातडीतून घ्यायचा असतो. तिच्या आईने मला सांगितलेलं वाक्य अजून कानात आहे, "बाई, पोरगी रातभर खाजवून राहिली, आन् तुम्ही म्हणता पुन्हा कापू?" पुन्हा कापावं लागलं.

म्हणून तुम्ही जाल तिथे विचारा : दोन नमुने घेणार ना, एक फॉर्मेलिनमध्ये आणि एक मिशेल्स मीडियममध्ये? ते द्रव नसेल तर साध्या सलाइनमध्येही नेता येतो, पण मग २४ तासांत लॅबला पोचायला हवा. माझ्याकडचे नमुने बाहेरगावी कुरिअरने जातात, त्यामुळे मी शुक्रवारी संध्याकाळी बायोप्सी करत नाही. रिपोर्टमध्ये 'सी-३' नावाचा पदार्थ दोन थरांच्या मधल्या पट्टीवर सरळ रेषेत बसलेला दिसला की निदान पक्कं. सोबत रक्तातली बीपी-१८० ची एलायझा तपासणी करता आली तर उत्तम. थायरॉइडही एकदा तपासून घ्या, कारण या आजाराच्या बायकांमध्ये ग्रेव्ह्जसारखा थायरॉइडचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मेडिकल (इथे मात्र दुकान नव्हे, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), मेयो किंवा मिहानच्या एम्सच्या त्वचा विभागात जा. स्त्रीरोग आणि त्वचा, दोन्ही विभाग एकाच आवारात असण्याचा इथे फायदाच आहे.

आता स्टेरॉइड. या शब्दाने घरात जेवढी भांडणं होतात तेवढी आजाराने होत नाहीत.

आधी ट्यूबबद्दल. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबमध्ये, नाव न बघताही मी पैज लावीन, एक स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध अशी मिसळ असणार. म्हणजे 'स्टेरॉइड नको' म्हणणाऱ्या घरात ते आधीच येऊन बसलंय, फक्त कुणी सांगितलं नाही. ती बंद करा. आजार मर्यादित जागेत असेल तर नुसत्या तीव्र स्टेरॉइड मलमावर भागू शकतं, तेही मोजून. पूर्ण गरोदरपणात तीव्र मलमाचं प्रमाण ३०० ग्रॅमच्या वर गेलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसलाय. तीस ग्रॅमच्या दहा ट्यूब झाल्या. पोटभर, मांडीभर चोपडत राहिलात तर हा आकडा वाटतो तेवढा लांब नाही, म्हणून मी रिकाम्या ट्यूब परत आणायला सांगते.

फोड बऱ्याच भागावर असतील तर पोटातून प्रेडनिसोलोन द्यावं लागतं. सुरुवात साधारण वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ३० मिलिग्रॅमच्या आसपास. हे स्वतः विकत घेऊन खाण्यासाठी सांगत नाही, तुमच्या डॉक्टरांनी एवढं लिहिलं तर ते जास्त नाही हे कळावं म्हणून सांगते. प्रेडनिसोलोनच का? कारण वारेत एक एन्झाइम असतं, ते या औषधाचा बहुतेक भाग, जवळपास ९० टक्के, बाळापर्यंत पोचण्याआधीच निकामी करतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोनचं तसं होत नाही, ते बाळापर्यंत जातात. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मुद्दाम द्यायचे असतात तेव्हा तेच वापरतात. म्हणजे 'स्टेरॉइड' हा एक शब्द नाही, कुठलं ते विचारायला हवं. ओठ-टाळू दुभंगण्याची भीती वाचली असेल. टाळू पहिल्या तीन महिन्यांत जुळून येतो, तुम्ही सातव्यात आहात.

किंमत अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. साखर वाढू शकते, रक्तदाब वाढू शकतो, पित्त होतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, साखर आणि बीपी नियमित तपासायचं, मीठ-गोड आवरायचं. तीन-चार दिवसांत नवे फोड थांबले की आठवडा-दोन आठवडे तिथेच थांबून हळूहळू कमी करतो. आणि मनाने एकदम बंद करायची नाही. बरं वाटलं म्हणून शनिवारी गोळी सोडली आणि मंगळवारी पुन्हा फोडांनी भरून आल्या, अशा बायका मी पाहिल्यात. सोबत खाजेसाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिनसारख्या जुन्या गोळ्या चालतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात नकोत, डॉक्सिसायक्लिनही नको. कुणी लिहून दिलं तर एकदा 'मी गरोदर आहे' हे मोठ्याने सांगा.

बाळाचं काय? व्यंग या आजाराने येत नाही. दोन गोष्टी होऊ शकतात : दिवस भरण्याआधी कळा येणं आणि बाळाचं वजन कमी राहणं. हा धोका आजार लवकर सुरू झालेल्या आणि फोड जास्त असलेल्या बायकांना अधिक असतो, आणि तो मुख्यतः आजारामुळे असतो, गोळीमुळे नव्हे. बाळासाठी म्हणून गोळी टाळण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी आणि बाळाच्या हालचालींवर लक्ष. दहातल्या एखाद्या बाळाला जन्मतः किंवा पहिल्या दिवसांत थोडे फोड येतात, कारण आईच्या अँटिबॉडी वारेतून गेलेल्या असतात. त्या काही आठवड्यांत आपोआप संपतात आणि फोडही जातात. बाळाला हा आजार 'लागत' नाही.

केवळ या आजारासाठी सिझेरियन करायची गरज नाही. मात्र प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना किती दिवस, किती स्टेरॉइड घेतलंय हे लेखी द्या. कधीकधी प्रसूतीच्या वेळी जास्तीचा डोस लागतो. बालरोगतज्ज्ञांनाही आधी सांगून ठेवा. फोडांवर चिकटपट्टी लावू देऊ नका, काढताना कातडी घेऊन येते.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथे. शेवटच्या आठवड्यांत आजार बऱ्याचदा आपणहून निवतो, घरचे म्हणतात 'बघा, गेलं'. आणि मग बाळंत होताच किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत जोरात उसळतो. चारातल्या तिघींना हा अनुभव येतो. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा मालीशवाली बाई दारात उभी असते, कडकडीत पाणी तापत असतं, खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी तयार असते. फोड असेपर्यंत ताई, मालीश नाही, शेक नाही, धुरी नाही. कोमट पाण्याने अंघोळ, अंग टिपून घ्यायचं, वर साधं पेट्रोलियम जेली. कापूर घातलेलं खोबरेल उघड्या जखमेवर नको. डिंकाचे आणि मेथीचे लाडू सासूबाई प्रेमाने करतील, पण गोळी चालू असताना साखरेचा आकडा बघून खा. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडून सांगवा. मी माझ्या पेशंटच्या सासूला आठव्या महिन्यातच दवाखान्यात बोलावून घेते. नंतरचे बरेच वाद वाचतात. अंगावर पाजायला हरकत नाही, प्रेडनिसोलोन दुधात अगदी थोडं उतरतं. स्तनाग्राजवळ मलम लावलं असेल तर पाजण्याआधी पुसून धुवा, एवढंच.

बहुतेकींचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत थांबतं. पाळी परत सुरू झाल्यावर किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी थोडं उठू शकतं, म्हणून मी या बायकांना तांबीचा पर्याय सुचवते. तिसऱ्या बाळाचा विचार असेल तर हा आजार पुन्हा येण्याची शक्यता बरीच आहे, बहुधा आणखी लवकर. एखादी खेप मध्येच कोरी जाते, पण तिच्या भरवशावर बसता येत नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच : गायनॅक मॅडमना फोडांचे फोटो दाखवून त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा, बायोप्सीचं बोलून घ्या, वाढीची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. सुती सैल गाऊन घाला, गार पाण्याच्या घड्या ठेवा, फोड स्वतः फोडू नका. बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला, फोडांत पू झाला, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा आल्या तर आठवडा वगैरे नाही, त्याच दिवशी जायचं.

राहिली तुमची मुलगी. तिला तीन आठवडे आजीजवळ झोपवताय, 'आईची नागीण लागेल' म्हणून, आणि ती रात्री उठून रडते असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, स्पर्शाने नाही, कपड्यांनी नाही, फोडातल्या पाण्याने नाही. डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघून कांजिण्या नाहीत एवढं सांगितलं की त्याच रात्री तिला कुशीत घ्या. आधी तिची नखं कापा, आणि झोपेत पोटावर पाय टाकत असेल तर मध्ये एक उशी ठेवा.